साईडबोर्ड निवडताना: दर्शनी दारांआधी पाठ पाहावी

जेवणाच्या खोलीत भिंतीलगत उभे असलेले, लांबट, बुटके आणि कमरेच्या थोडे वर येणारे कपाट म्हणजे साईडबोर्ड. वरच्या फळीवर जेवणाच्या वेळी वाढायची भांडी ठेवायची आणि खाली ताटे, वाट्या, काचेचे सामान, टेबलावरची कापडे ठेवायची, एवढे त्याचे साधे काम. दुकानात गेलेला ग्राहक मात्र त्याची परीक्षा समोरून करतो. दारांचा रंग, मुठींची घडण, वरच्या थराची चकाकी पाहून सौदा ठरतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल धरून ठेवणाऱ्या गोव्यात या वस्तूचे आयुष्य समोरून ठरत नाही. ते ठरते तिच्या पाठीवर, पायांवर आणि सांध्यांवर. म्हणजे दुकानात सहसा कोणी न पाहिलेल्या जागांवर.

साईडबोर्डला आजचा आकार मिळाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडमध्ये. जॉर्ज हेपलव्हाईट या कारागिराच्या नावाने १७८८ साली निघालेल्या आराखड्यांच्या पुस्तकात त्याचे नमुने आढळतात. पोर्तुगीज भाषेत अशा कपाटाला ‘अपारादोर’ म्हणतात. सासष्टी-बार्देशातील जुन्या मोठ्या घरांच्या भोजनगृहांत सागाची आणि शिसवाची अशी कपाटे अजूनही उभी दिसतात. हिंदू घरांत त्यांची गरज कमी भासली, कारण तिथे फडताळ होते. चिऱ्याची भिंत दीड-दोन फूट जाड असे; तिच्या पोटातच कोनाडा सोडून त्याला दारे बसवली की कपाट तयार होई, आणि त्याने खोलीतली एक इंचही जागा अडत नसे. आजच्या सदनिकेतील चार किंवा नऊ इंचांच्या विटांच्या भिंतीला असे पोट नाही. म्हणून मडगाव, पर्वरी किंवा ताळगावच्या नव्या घरांत भिंतीपुढे स्वतंत्र कपाट उभे करण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि त्यासोबत जागेचा प्रश्नही उभा राहतो.

खरेदीआधी दोन मापे घ्यावी लागतात. एक आत ठेवायच्या वस्तूंचे आणि दुसरे खोलीचे. पहिले माप बहुधा घेतलेच जात नाही. घरातील जेवणाच्या स्टीलच्या ताटाचा व्यास साधारण २८ ते ३० सेंटिमीटर असतो. त्यामुळे आतून ३५ सेंटिमीटर खोल असलेल्या कप्प्यात ताटे सहज बसतात. परातीला किंवा मोठ्या तबकाला ४० सेंटिमीटरही अपुरे पडतात. बाहेरून ४५ सेंटिमीटर दिसणारे कपाट दारांची आणि पाठीची जाडी वजा जाता आतून ४० ते ४२ भरते. दारे सरकती असतील, तर एकापुढे एक धावणाऱ्या त्या दोन पानांत आणखी काही सेंटिमीटर जातात. शिवाय सरकत्या दारांनी एका वेळी अर्धेच कपाट उघडते, हा त्यांचा दुसरा दोष. तरीही अरुंद खोलीत तीच सोयीची ठरतात, कारण ती खुर्चीला अडत नाहीत.

चवथीच्या वेळीच बाहेर निघणारी मोठी पातेली, समया आणि पितळेची उपकरणी साईडबोर्डमध्ये कोंबण्याचा मोह टाळावा. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंसाठी माळा किंवा पलंगाखालची पेटी बरी. हे कपाट रोजच्या आणि आठवड्याच्या वस्तूंसाठी असते. पाव्हणे आले की जे पहिल्यांदा शोधले जाते, ते त्याच्या वरच्या खणात हवे.

खोलीचे माप दहा फुटांच्या चौरस जेवणघराच्या उदाहरणाने कळते. दहा फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर. त्यात ९० सेंटिमीटर रुंदीचे टेबल ठेवले आणि पलीकडच्या बाजूला खुर्ची मागे ओढून बसण्यासाठी ७५ सेंटिमीटर सोडले, की अलीकडे १४० उरतात. ४५ सेंटिमीटर खोलीचे कपाट तिथे उभे केले, तर टेबल आणि कपाट यांच्यात ९५ सेंटिमीटर मोकळे राहतात. माणूस बसलेला असताना मागून वाढणाऱ्याला कडेने जाता येते. पण त्याच वेळी कपाटाचे दार पूर्ण उघडता येत नाही. तेच कपाट ६० सेंटिमीटर खोल घेतले, तर उरलेल्या ८० सेंटिमीटरमध्ये खुर्ची ओढणेही जिकिरीचे होते. जमिनीवर खडूने किंवा वर्तमानपत्र अंथरून कपाटाचा आराखडा काढावा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरून पाहावे. कागदावरच्या आकड्यांपेक्षा ते लवकर शिकवते. उंची ८५ ते ९० सेंटिमीटर असली, की उभ्याने वाढताना पाठ वाकवावी लागत नाही. दूरचित्रवाणी संचासाठी बनवलेली दीड-दोन फुटी बुटकी कपाटे हल्ली साईडबोर्ड म्हणून विकली जातात. बैठकीत ती शोभतात, जेवणघरात कमरेला त्रास देतात.

आतल्या फळ्यांबाबत एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. दर फुटावर सारखेच वजन ठेवले आणि फळीची लांबी दुप्पट केली, तर तिचा बाक दुप्पट न होता सोळापट होतो. उलट फळीची जाडी १२ मिलिमीटरवरून १८ केली, तर बाक तिपटीहून अधिक कमी होतो. काचेची आणि चिनी मातीची ताटे रचली की वजन चटकन वाढते. म्हणून १८ मिलिमीटर जाडीच्या फळीला दर ७५ सेंटिमीटरच्या आत उभा आधार हवा. दीड मीटर लांबीच्या कपाटात मधला पडदा नसेल आणि आरपार एकच फळी असेल, तर ती समोरून कितीही देखणी दिसो, वर्षभरात मधोमध झोळ धरणार.

आता हवेचा प्रश्न, आणि गोव्यात हाच सर्वांत मोठा. लाकूड तोडून वाळवले, पॉलिश केले, तरी ते हवेतील ओल शोषत आणि सोडत राहते. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असताना लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्के असते; आर्द्रता ९० टक्क्यांवर स्थिरावली की ते हळूहळू २० टक्क्यांकडे सरकते. या चढउताराने फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आकसते. सागासारखे शांत लाकूडही ४० सेंटिमीटरच्या रुंदीत तीन-चार मिलिमीटर हालू शकते. जानेवारीत गच्च बसवलेले भरीव लाकडी दार जुलैत उघडत नाही, त्याचे कारण हेच. त्यात सुताराचा आळस नसतो. घाई मात्र असू शकते.

जुन्या कारागिरांनी यावर शोधलेला उपाय आजही तितकाच उपयोगी आहे. दाराची चौकट अरुंद पट्ट्यांची करायची, आतल्या बाजूला खाच पाडायची आणि मधली रुंद फळी त्या खाचेत नुसती बसवायची. तिला गोंद लावायचा नाही की खिळा मारायचा नाही. पावसाळ्यात फळी फुगली की खाचेत सरकते, हिवाळ्यात आकसली की मागे येते आणि चौकट मात्र जागची हलत नाही. भरीव लाकडाचा साईडबोर्ड घेताना दाराच्या मधल्या फळीवर बोटाने हलकेच दाब द्यावा. ती किंचित खुळखुळली, तर तो दोष समजू नये. चारही बाजूंनी चिकटवून टाकलेली फळीच पुढे उभी चिरते.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ही हालचाल फार कमी होते. म्हणून दमट प्रदेशात कपाटाच्या सांगाड्यासाठी चांगले प्लायवूड हा शहाणपणाचा पर्याय आहे. अडचण ‘चांगले’ या शब्दाची आहे. बाजारात ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारे प्लायवूड केवळ काही प्रमाणात ओल सोसते. ‘मरीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारासाठी भारतीय मानक ७१० आहे आणि त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवल्यावरही थर सुटता कामा नयेत. ‘वॉटरप्रूफ’ हा दुकानदाराचा तोंडी शब्द पुरेसा नाही. तक्त्यावर मानकाचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह छापलेले असते, ते पाहावे आणि तक्ते कापण्यापूर्वी पाहावे. एकदा कापून लॅमिनेट चढले, की आत काय आहे ते ओळखणे कठीण. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याला न जुमानणारे प्लायवूड वाळवीलाही जुमानणार नाही, असे नव्हे. पहिला गुण गोंदाचा असतो, दुसरा लाकडावर केलेल्या रासायनिक प्रक्रियेचा. दोन्हींची चौकशी वेगवेगळी करावी.

कारखान्यात बनून सुट्या भागांत येणारे बहुतेक स्वस्त साईडबोर्ड पार्टिकल बोर्डचे किंवा एमडीएफचे असतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेला तक्ता, तर एमडीएफ लाकडाच्या बारीक तंतूंचा. एमडीएफवर रंग सुरेख बसतो आणि भिंत कोरडी असेल तर तो बरीच वर्षे नीट राहतो. पार्टिकल बोर्डची कड एकदा सर्दावली, की बिस्किटासारखी फुगते आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. त्यातला स्क्रू एकदा सैल झाला की तिथेच पुन्हा घट्ट बसत नाही. दारे बिजागरीपासून लोंबकळू लागतात ती यामुळे. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबासाठी असे कपाट हा वाजवी सौदा ठरू शकतो. तळमजल्यावरील घरासाठी, त्यातही चिऱ्याच्या भिंती असलेल्या घरासाठी, तो पैशाचा अपव्यय आहे.

चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतील ओल तो वर ओढतो आणि पावसाच्या झडीने बाहेरून भिजतो तो वेगळाच. अशा भिंतीला कपाट चिकटवून ठेवले, की मधली हवा कोंडते आणि श्रावण संपेपर्यंत पाठीवर बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके उमटतात. बहुतेक तयार कपाटांची पाठ तीन ते सहा मिलिमीटरच्या पातळ पुठ्ठेवजा तक्त्याची असते आणि ती नुसती पिना मारून बसवलेली असते. ती फुगली की कपाटाचा चौकोन ढिला पडतो. कारण दिसायला क्षुल्लक असलेली ही पाठच संपूर्ण सांगाडा काटकोनात धरून ठेवते. म्हणून साईडबोर्ड पाहताना विक्रेत्याला तो भिंतीपासून ओढून वळवायला सांगावे. पाठ प्लायवूडची आहे का, ती खाचेत बसवली आहे का, तिच्या मागच्या बाजूलाही रंग किंवा लॅमिनेट आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. एकाच बाजूला लेप असलेला तक्ता उघड्या बाजूने ओल पितो आणि वाकतो. घरी आणल्यावर भिंतीपासून निदान पाच सेंटिमीटर अंतर राखावे. बाहेरची भिंत आणि खोल्यांमधली भिंत यांत निवड करता येत असेल, तर मधली भिंत निवडावी. स्नानगृहाच्या पलीकडची भिंत मात्र मधली असूनही कामाची नाही.

कपाटाखाली किती मोकळी जागा आहे, यालाही असेच महत्त्व आहे. जमिनीपर्यंत बंद असलेला तळ झाकपाक दिसतो. पण लादी पुसताना पाणी त्याच्या कडेला लागते आणि वाळवी आत शिरली तर कळायला मार्ग राहत नाही. आपल्याकडची वाळवी जमिनीतून येते, मातीची बारीक नळी बांधत भिंतीवरून किंवा पायावरून वर चढते. कपाट १५ सेंटिमीटर उंच पायांवर असेल, तर ही नळी वेळीच दिसते आणि केरसुणीही सहज फिरते. जुन्या घरांत दूध-दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. ती युक्ती मुंग्यांसाठी होती, पण जमिनीशी थेट संबंध तोडण्याचे तत्त्व तेच.

समुद्राजवळच्या घरांत खारी हवा लोखंड खाते. साध्या लोखंडी बिजागऱ्या आणि खणांच्या सरकपट्ट्या दोन-तीन पावसाळ्यांत तांबेरतात, मग खण अडखळू लागतो. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या घ्याव्यात; खर्चात फरक पडतो, पण कपाटाच्या एकूण किमतीपुढे तो थोडा असतो. चमचे-पळ्यांनी भरलेला खण अपेक्षेपेक्षा जड होतो, म्हणून सरकपट्टीच्या जोडीवर छापलेली वजनाची मर्यादा वाचावी. दारांना वेताची जाळी किंवा तिरप्या पट्ट्यांची झडप असेल तर आत हवा खेळती राहते. वेतालाही बुरशी लागते हे खरे. पण ती पुसता येते. आत ठेवलेल्या कापडांना लागलेली बुरशी डाग सोडून जाते.

सुताराकडून करवून घ्यायचे ठरले, तर मालाचा अंदाज ग्राहकाला स्वतःला बांधता यायला हवा. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे ३२ चौरस फुटांचा असतो. पाच फूट लांब, तीन फूट उंच आणि दीड फूट खोल अशा साईडबोर्डला वरची फळी आणि तळ मिळून १५ चौरस फूट, दोन बाजू नऊ, दोन मधले पडदे नऊ, आतली फळी साडेसात आणि दारे १५ असे सुमारे साडेपंचावन्न चौरस फूट लागतात. कापणीतली नासधूस धरली तरी १८ मिलिमीटरचे दोन तक्ते पुरतात; पाठीसाठी पातळ तक्ता वेगळा आणि खण हवे असतील तर थोडा माल अधिक. अंदाजपत्रकात चार तक्ते लिहिलेले असतील, तर सौम्यपणे विचारणा करायला हरकत नाही. उघड्या राहिलेल्या प्रत्येक कडेला पट्टी चिकटवण्याची अट आधीच बोलून घ्यावी, कारण दाराच्या खालची कड आणि फळीची मागची कड न दिसणारी म्हणून सोडून दिली जाते आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. भरीव लाकडाच्या दारांभोवती दोन-तीन मिलिमीटरची फट राखायला सांगावी. हिवाळ्यात ती डोळ्यांना खुपेल, पावसाळ्यात तीच दार उघडू देईल.

नवे घेण्याच्या गडबडीत एक पर्याय अनेकदा नजरेआड होतो, तो म्हणजे घरातच पडून असलेले जुने कपाट. वडिलोपार्जित घराच्या वाटण्या होतात, सदनिकेत बिऱ्हाड हलते, आणि आजोबांच्या काळातले सागाचे किंवा फणसाचे कपाट ‘जागा खाते’ म्हणून भंगाराच्या भावात जाते. त्याच्या जागी येणारे नवे कपाट त्याच्या निम्मीही वर्षे टिकेल याची खात्री नसते. म्हणून विकण्याआधी तपासणी करावी. कपाट वळवून, पायांच्या टोकांना आणि तळाच्या फळीला बोथट टोकाने टोचून पाहावे. गाभ्याच्या गडद लाकडाला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण त्याबाहेरचे फिकट लाकूड सागाचे असले तरी पोखरले जाते. बारीक गोल छिद्रे दिसली की घाबरण्याचे कारण नाही. ती वर्षानुवर्षांपूर्वीची असू शकतात. कपाटाखाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवावा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला, तर भुंगेरे आत जिवंत आहेत, आणि मग औषधोपचार झाल्याखेरीज ते कपाट इतर सामानाजवळ नेऊ नये. भुसा न पडल्यास छिद्रे मेणाने बुजवून काम भागते.

चौकट भक्कम असेल, तर बाकीचे सारे बदलता येते. पाठीची फळी नवी घालावी, कुजलेले पाय कापून त्यांना नवे जोड द्यावेत, गंजलेल्या बिजागऱ्या काढाव्यात. उंची अधिक असेल आणि वर-खाली असे दोन सुटे भाग असतील, तर खालचा भाग एकटा ठेवूनही उत्तम साईडबोर्ड होतो. जुने चपड्याचे पॉलिश गरम भांड्याने आणि पाण्याने पांढरे पडते, म्हणून वाढण्यासाठी वापरायच्या वरच्या फळीवर तेवढा पॉलियुरेथेनचा लेप द्यावा आणि उरलेल्या भागाचे मूळ पॉलिश शक्यतो राहू द्यावे. मशीनने घासून सगळे कोरे करण्याची घाई करणाऱ्या कारागिराला थांबवावे. शिसवाचा तो काळसर जांभळा रंग आणि फणसाच्या पिवळ्याचा कालांतराने झालेला तपकिरी, हे घासल्याने जातात आणि परत यायला पुन्हा काही दशके लागतात.

परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांना असे कपाट पाठवण्याचा विचार असेल, तर कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशा वस्तूंच्या खासगी निर्यातीला मनाई आहे. शिसवाचा समावेश २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने वस्तू नवी असली तरी त्यासाठी कागदपत्रे लागतात. गावातल्या गावात हलवायचे असेल, तर प्रश्न एवढाच उरतो की ते नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये किंवा जिन्याच्या वळणावर मावते का. टेम्पो बोलावण्याआधी तेवढे मोजून घ्यावे, आणि दारे, खण, फळ्या काढून वेगळ्या न्याव्यात.